काटकसर जमली, पण वाचलेला पैसा कर्जापर्यंत पोचेना

घरखर्च कमी करून कर्ज फेडायचंय असं म्हटलं की सगळे एकच सांगतात, वायफळ खर्च बंद करा. आम्ही केले बंद, बऱ्यापैकी केले. बाहेरचं जेवण कमी झालं, कपडेलत्ते थांबले, मुलगी कुरकुरायला लागली, आणि महिनाअखेरीला खातं उघडून बघितलं तर शिल्लक होती तेवढीच आणि कर्जही होतं तेवढंच. म्हणजे त्रास सगळा झाला पण फायदा कुठे दिसेना. मग वाचलेला पैसा गेला कुठे? हे कळायला आम्हाला बरेच महिने लागले आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय, काटकसरीच्या टिप्स काय, ढीगभर मिळतात.

आधी कर्ज कसलं ते सांगते. घरात एक मोठं आजारपण आणि घराची दुरुस्ती, दोन्ही एकापाठोपाठ आलं. आजारपणाला पर्सनल लोन काढलं, त्यात भागलं नाही ते क्रेडिट कार्डावर गेलं, मध्येच वॉशिंग मशीन बसलं ते हप्त्यावर घेतलं, आणि थोडे पैसे मोठ्या दिरांकडून घेतले होते ते बिनव्याजी. चार देणी, चार वेगवेगळ्या तारखा, आणि पगार झाल्या झाल्या अर्धा कुठेतरी निघून जायचा आणि कोणाला किती गेले ते आमच्या दोघांच्याही डोक्यात धड नसायचं.

म्हणून पहिलं काम केलं ते खर्चाचं नाही तर कर्जाचं. एका शीटमध्ये चारही देणी मांडली आणि रकमेशेजारी व्याजदर लिहिला, वर्षाचा. इथेच डोळे उघडले, कारण रकमेने सगळ्यात मोठं होतं पर्सनल लोन, म्हणून घरात चर्चा सतत त्याचीच, पण खरा भडका कार्डावर होता. कार्डवाले महिन्याचा दर सांगतात, ३ टक्के वगैरे, आणि ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण ३ टक्के महिना म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर साधारण २४ महिन्यांत रक्कम दुप्पट, दंड वगैरे वेगळाच. आणि ते मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम! समजा दर महिन्याला थकबाकीच्या ५ टक्के एवढंच भरलं, कार्डावर नवीन एक पैसा खर्च केला नाही, तरी बाकी निम्म्यावर यायलाच अडीच वर्षांपेक्षा जास्त लागतात. निम्म्यावर, संपायला नाही. हे गणित मी शीटमध्ये खाली ओढत नेलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, फॉर्म्युला चुकलाय तुझा." नव्हता चुकला, त्याने स्वतः परत मांडून बघितलं.

आणखी एक गोष्ट जी बऱ्याच लोकांना माहीतच नसते. कार्डाचं बिल पूर्ण भरत असाल तरच खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचा बिनव्याजी काळ मिळतो. मागची बाकी राहिली असेल तर सहसा नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. आम्ही तर किराणाही कार्डानेच आणत होतो, पॉइंट मिळतात म्हणून. म्हणजे घरातला साबणसुद्धा व्याजाने. त्या दिवशी कार्ड पाकिटातून काढून कपाटात टाकलं आणि खरेदीच्या अ‍ॅप्समध्ये सेव्ह केलेलं होतं तिथूनही काढलं, कारण पाकिटातून काढून उपयोग नाही, खरी खरेदी फोनमधून होते. २००१ मध्ये ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी एक प्रयोग छापला होता, मॅचच्या तिकिटांचा लिलाव, काहींना सांगितलं रोख द्यायचेत, काहींना सांगितलं कार्ड चालेल, तर कार्डवाल्यांनी जवळपास दुपटीने बोली लावली. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

मग आधी कुठलं फेडायचं यावर आमचं वाजलं. माझं म्हणणं सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, म्हणजे कार्ड. नवऱ्याचं म्हणणं सगळ्यात लहान आधी, म्हणजे वॉशिंग मशीन. "एक तरी बंद होऊ दे गं, चारातला एक गेला तरी डोकं हलकं होईल." मी म्हटलं अरे पण तिकडे कार्डावर व्याज पळतंय ना. हिशोबाने माझंच बरोबर होतं, पण मशीनचे हप्ते थोडेच उरले होते आणि तो हप्ता अख्खाच्या अख्खा मोकळा होऊन कार्डाला मिळणार होता म्हणून मी हो म्हटलं. मशीनचे बरेच हप्ते उरले असते तर मी ऐकलं नसतं. व्याजदरात फार फरक नसेल तर लहान आधी घ्यावं, फरक दहा-वीस टक्क्यांचा असेल तर मनाच्या समाधानासाठी एवढे पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

दिरांना मात्र फोन करून स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, तुमचे पैसे सगळ्यात शेवटी देणार आहोत, तुमच्याकडे व्याज नाही म्हणून. चालेल ना?" मला धाकधूक होती. ते म्हणाले, "अगं सावकाश दे, पण कधीपासून सुरू करणार तेवढं सांगून ठेव, म्हणजे मी विचारणार नाही आणि तुम्हाला तोंड चुकवावं लागणार नाही." हे वाक्य मी शीटमध्ये त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलंय.

आता खर्च. बँकेचं स्टेटमेंट प्रिंट काढून दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो, हातात दोन रंगाचे पेन. हिरवा म्हणजे परत विचारलं तरी हाच खर्च करू, लाल म्हणजे हे काय आहे. लाल भरपूर निघाले. त्यातला कळस म्हणजे एक अँटिव्हायरस, दर वर्षी आपोआप रिन्यू होणारा, आणि तो ज्या लॅपटॉपवर होता तो लॅपटॉप आम्ही कधीच विकून टाकलेला. नवरा म्हणे, "कोण वापरतंय मग?" कोणीच नाही, नुसता व्हायरसपासून वाचतोय तो. म्हणून सांगते, तीन महिन्यांचं स्टेटमेंट पुरत नाही, अख्ख्या वर्षाचं काढा, वर्षाला एकदा कापले जाणारे पैसे छोट्या स्टेटमेंटमध्ये सापडतच नाहीत. बाकी नेहमीचंच, दोन-तीन स्ट्रीमिंग अ‍ॅप, क्लाउड स्टोरेज दोघांचं वेगवेगळं, फोनचे गरजेपेक्षा मोठे डेटा प्लॅन, आणि जिम, जिथे आम्ही जाण्यापेक्षा जायचा विचार जास्त करत होतो. एका संध्याकाळी सगळं बंद. एक अ‍ॅप मुलीसाठी ठेवलं, तिनेच निवडलं कुठलं ते.

या असल्या कपातीचं मला फार कौतुक आहे कारण एकदा निर्णय घेतला की संपलं, रोज मन मारावं लागत नाही. रोज मन मारायच्या कपाती, म्हणजे आज चहा नको, आज रिक्षा नको, या माझ्याच्याने तरी टिकत नाहीत आणि त्यातून घरात एकमेकांवर पहारा सुरू होतो, "हे कशाला आणलंस?" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं ते बघा म्हणजे कळेल. त्यामुळे आधी एकदाच्या निर्णयातून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि रोजच्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

विजेचं पण तसंच. सासऱ्यांनी एकदम मनावर घेतलं आणि घरभर फिरून फोनचे चार्जर काढायला लागले. आता बाबांना कोण सांगणार की वर्षभर रोज एक फोन चार्ज केला तरी दहा युनिटच्या आत काम होतं. आणि तिकडे २००० वॉटचा गिझर अर्धा तास पाणी तापवत राहिला की गेलं १ युनिट, म्हणजे दोन आठवड्यांत वर्षभराच्या फोनच्या वर. शेवटी मुलीने त्यांना समजावलं, वॉट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट, तिला शाळेत नुकतंच झालं होतं. मग बाबांनी कागद-पेन्सिल घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागचं स्टिकर वाचलं. ६० वॉटचा जुना बल्ब स्टोअररूममध्ये अजून होता, तिथे ९ वॉटचा एलईडी लावला, उजेड तेवढाच. टीव्हीखालचा डबा बंद असतानाही ५ वॉट ओढत असेल तर वर्षाला ४० युनिटच्या पुढे जातं, तो आता मेन स्विचवरून बंद होतो. गिझरची वेळ ठरली, सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ, आणि बाबा वॉचमन. बिल कमी झालं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कर्जाच्या मानाने ही रक्कम छोटीच होती. फक्त बाबांना त्यात भाग घेता आला हे बरं झालं, नाहीतर त्यांना सारखं वाटत होतं की आपल्या आजारपणामुळे हे सगळं झालं.

किराण्यावर मात्र जरा सविस्तर लिहिते कारण तिथे खरंच पैसा होता. आम्ही एका सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातलं सगळं बाहेर काढलं, सगळं म्हणजे सगळं, माळ्यावरचं सुद्धा. फरशी पुसायच्या लिक्विडच्या उघडलेल्या तीन बाटल्या निघाल्या. एकच मसाला दोन डब्यांत आणि एका पुडीत. एकावर एक फ्री म्हणून आणलेलं काहीबाही, त्यातलं फ्री होतं ते तारीख उलटून गेलेलं. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "दुकानच उघडा, कर्ज फिटेल." हसलो सगळे, पण मुद्दा खरा होता, आपण ज्या वस्तू विकत घेतो त्यातल्या बऱ्याच आधीच घरात असतात, फक्त दिसत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं असा अंदाज आहे आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलांमधून नाही, दुकानांमधून नाही, घरांमधून. आमच्या फ्रीजचा त्यात वाटा होताच.

तर मग काय केलं, फ्रीजमधला मधला कप्पा, म्हणजे दार उघडल्यावर थेट डोळ्यांसमोर येतो तो, "आधी हे संपवा" म्हणून ठेवला. उरलेलं, अर्धं कापलेलं, तारीख जवळ आलेलं, सगळं तिथे. स्वयंपाकाला सुरुवात करताना आधी तो कप्पा बघायचा आणि मग ठरवायचं आज काय करायचं ते. साधी गोष्ट आहे पण याने जेवढा फरक पडला तेवढा कुपन गोळा करून पडला नाही. दुसरं, दुकानात किमतीकडे न बघता शंभर ग्रॅमला किंवा लिटरला किती पडतं ते बघायची सवय लावली. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही, कधी कधी मधल्या साइझचं सगळ्यात स्वस्त पडतं. आणि पाकीट तेच, किंमत तीच, आतलं वजन मात्र कमी झालेलं, हे पण याच सवयीने पकडता येतं. आणि मोठं पाकीट स्वस्त असलं तरी संपायच्या आत खराब होणार असेल तर ते महागच. तिसरं म्हणजे आठवड्याची एक रक्कम ठरवून ती रोख काढून ठेवायची आणि किराणा त्यातूनच. रोख का, तर पाकिटात किती उरले ते बघायला अ‍ॅप उघडावं लागत नाही.

एवढं सगळं केल्यावरही पैसा दिसत नव्हता, जे मी सुरुवातीला म्हटलं ते. मी एक रविवार यात घालवला, कपाती एका कॉलममध्ये, कर्जाला गेलेले जास्तीचे पैसे दुसऱ्या कॉलममध्ये. पहिल्या कॉलमची बेरीज चांगली भरघोस. दुसऱ्यात चक्क शून्य. कारण सगळी बचत त्याच खात्यात पडून राहत होती जिथून घर चालतं, आणि तिथे पडलेला पैसा म्हणजे गळक्या बादलीतलं पाणी. कोणी चैन केली असं नाही, पण खात्यात जरा जास्त दिसले की कोणीतरी चांगल्या मनाने काहीतरी घेतंच, मुलीचे बूट, सासूबाईंसाठी उशी, आणि प्रत्येक वस्तू योग्यच असते.

दुसरी गळती त्याहून मोठी होती आणि ती मला आधी दिसलीच नव्हती. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. गाडीची सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता, शाळेची फी, कोणाचं तरी लग्न, चष्मा. हे खर्च दर वर्षी येतात, ठरलेल्या वेळी येतात, आणि तरी दर वेळी आपण "अचानक आलं" म्हणतो. आणि ते आले की थेट कार्डावर. म्हणजे महिनाभर काटकसर करून कार्डाची बाकी थोडी खाली आणायची आणि एका सर्व्हिसिंगने ती परत वर. या चक्रात लोक वर्षानुवर्षं अडकतात आणि आपल्याला काटकसर जमत नाही असं समजतात. जमलेली असते हो. वर्षभरातल्या अशा सगळ्या खर्चांची आम्ही यादी केली, बेरजेला १२ ने भागलं, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच एका वेगळ्या खात्यात जायला लावली, ज्याचं अ‍ॅप फोनमध्ये ठेवलंच नाही. याने कर्जफेड सुरुवातीला थोडी हळू झाली, आणि नवरा म्हणतच होता की ४२ टक्के व्याज चालू असताना बाजूला पैसे ठेवायचे हा कुठला शहाणपणा. कागदावर त्याचं बरोबर. पण त्यानंतर कार्डावर एकही नवीन खर्च चढला नाही आणि मला वाटतं सगळ्यात निर्णायक गोष्ट तीच झाली.

आणि पहिल्या गळतीसाठी नियम असा केला की ज्या दिवशी खर्च कापला त्याच दिवशी तेवढी रक्कम कर्जाकडे वळवायची. महिनाअखेरीला नाही, त्याच दिवशी. अ‍ॅप बंद केलं? तेवढ्याच रकमेची दर महिन्याची ऑटो ट्रान्सफर कार्डाच्या खात्यात, लगेच, बंद केल्याचा मेसेज आला त्याच वेळी. किराण्याच्या रोख रकमेतून रविवारी रात्री जे उरेल ते सोमवारी भरायचं, कितीही किरकोळ असो. कधी कधी इतकी हास्यास्पद रक्कम असायची की भरताना लाज वाटायची. पण कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे तारखेची वाट न बघता मध्येच भरलं तरी फायदा होतो. हा नियम लागू केल्यावर दोन्ही कॉलम पहिल्यांदा जवळजवळ सारखे दिसायला लागले आणि नवराच जास्त खूश, कारण आता त्याला बंद करायला नवनवीन गोष्टी सुचायला लागल्या.

मशीनचा हप्ता संपला, तो कार्डाकडे वळला. कार्डाची बाकी शून्य झाली त्या महिन्यात आम्ही फार खूश, आणि पुढच्या बिलात परत व्याजाची एक ओळ! मी चिडून फोन केला. तर म्हणे बिल तयार झाल्या दिवसापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. हिशोबाने ते बरोबर होतं पण आधी कोणी सांगत नाही, आणि "फिटलं सगळं" म्हणून पुढचं बिल बघितलंच नाही तर त्या छोट्या रकमेवर लेट फी लागू शकते. म्हणून शून्य झाल्यावर पुढची दोन बिलं उघडून बघाच.

मग आलं पर्सनल लोन आणि इथे एक वेगळंच नाटक झालं. हप्त्याच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांमध्ये व्याजाचा भाग मोठा असतो, १२ टक्क्यांचं पाच वर्षांचं कर्ज धरलं तर पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ४५ टक्के भाग नुसता व्याजाचा. त्यामुळे जास्तीचे पैसे लवकर भरले तर फायदा जास्त. दर हप्त्याबरोबर सुरुवातीपासून १० टक्के जास्त भरले तर ६० हप्त्यांचं हे कर्ज साधारण ५३ हप्त्यांत संपतं. म्हणून आम्ही कार्डाचे मोकळे झालेले पैसे इकडे भरायला लागलो, आणि काही महिन्यांनी स्टेटमेंट मागवलं तर मुद्दल तसंच! जास्तीचे पैसे "आगाऊ हप्ता" म्हणून नुसते जमा करून ठेवलेले. म्हणजे पैसे त्यांच्याकडे, आणि आमच्यावर व्याज पूर्ण मुद्दलाचं. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही पार्ट पेमेंटचा अर्ज नाही दिला ना." पार्ट पेमेंट म्हणजे जास्तीचे पैसे थेट मुद्दलात भरणं. अर्ज दिला. मग त्यांनी मुद्दल कमी केलं आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला. परत अर्ज, की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हप्ता कमी झाला की दर महिन्याला हातात जरा जास्त राहतात आणि ते कुठे जातात हे आता मला चांगलं माहीत होतं. मुदत कमी केली की व्याज जास्त वाचतं. त्यामुळे कोणीही जास्तीचे पैसे भरणार असाल तर तीन गोष्टी आधी लेखी विचारा, एक म्हणजे मुदतीआधी भरण्यावर काही शुल्क आहे का, दुसरं हे पैसे मुद्दलात कधी वळते होणार, आणि तिसरं मुदत कमी होणार की हप्ता. आणि नंतर स्टेटमेंट मागवून बघा, तोंडी "हो हो झालं"वर जाऊ नका.

जाता जाता, कोणी नवीन कर्ज घेऊन जुनं फेडायचा सल्ला देईल, तो काही वेळा चांगलाही असतो, पण दर फ्लॅट आहे, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज, की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायची उरली असेल तेवढ्यावरच, ते विचारा. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशोबाने जवळपास १८ टक्के पडतात. आम्हाला अशी एक ऑफर आली होती, मी शीटमध्ये टाकून बघितली आणि फोन ठेवून दिला.

काही गोष्टींना हात लावला नाही. आरोग्य विमा नाही, कारण आमचं कर्ज सुरूच आजारपणाने झालं होतं. औषधं आणि दातांचं नाही, दात पुढे ढकलला की तो व्याजासकट परत येतो. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार नाही, आमच्या कर्जाचा हप्ता तिने का भरायचा. आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी बाहेर जेवायचं, हे मुलीशी ठरवून ठेवलं होतं. तिला सगळं सांगितलं होतं, आकडे सोडून. लहान आहे, तिला ताण येईल असं सासूबाईंचं म्हणणं होतं पण मुलांना घरात काहीतरी चाललंय हे कळतच असतं आणि न सांगितलेल्या गोष्टीचा ताण जास्त येतो असं मला वाटतं. तिने एकदाच विचारलं, "आई, आपण गरीब झालोय का?" मी म्हटलं नाही, आपण आधी घेतलेले पैसे आता परत देतोय. "मग ठीक आहे," म्हणाली, आणि गिझर बंद करायला गेली.

रोजचा पै न पै लिहायचा नाद मात्र आम्ही लवकर सोडला. जपानमध्ये काकेइबो म्हणून घरखर्चाची वही ठेवायची पद्धत आहे, हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये सुरू केलेली, त्यात खर्च हाताने लिहायचा आणि महिनाअखेरीला स्वतःला प्रश्न विचारायचे. कल्पना मला फार आवडली, नवऱ्याने छान वहीही आणली (विकत!), पण दोघं नोकरी करणारे, रात्री भांडी आवरल्यावर कोण लिहिणार. आठवड्याची रोख रक्कम ठरलेली असली की तेवढा बारीक हिशोब लागतही नाही.

सध्या पर्सनल लोनचा शेवटचा टप्पा चालू आहे. भाऊजींचे पैसे सांगितलेल्या महिन्यापासून सुरू केले, छोटा हप्ता आहे पण चुकवलेला नाही. कार्ड ठेवलंय, एका बिलासाठी वापरतो आणि पूर्ण भरतो. मशीनच्या कर्जाचा ना हरकत दाखला मागून घेतला, लोनचाही घेणार, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं बंद झालेलं दिसतंय का तेही बघणार, कारण ते आपोआप होतं असं मी आता कशाहीबद्दल धरून चालत नाही. आमच्या ओळखीत एकदोघांनी ती शीट मागितली होती. तिच्यात काही नाही हो, काय कापलं, किती वाचले, कुठल्या तारखेला कर्जात भरले आणि स्टेटमेंटमध्ये मुद्दल खरंच कमी झालं का, एवढे चारच कॉलम आहेत, आणि चौथा भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.